आधी मश्रूम, मग मिजास

न्यू जर्सीतल्या भाच्याने खाऱ्या पाण्याची टाकी मांडून जेमतेम तिमाही उलटली, तोच स्वारीला अक्रोपोरा प्रवाळ हवाय! व्हिडिओ कॉलवर जांभळी फांदी दाखवली, किमतीची चिठ्ठी मात्र अंगठ्याखाली. मी साफ नाही म्हटलं. नव्या टाकीची क्षारता सारखी वरखाली होते आणि अक्रोपोराला नेमकं तेच सोसत नाही. आधी मश्रूम प्रवाळ घ्यावं, झोअँथिड घ्यावं. झोअँथिड मात्र हातमोजे घालून, कारण त्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. आणि तुकडा चिकटवलेली चकती उलटी करून बघावीच. तिथे काचेसारखी एप्टेशिया, म्हणजे उपद्रवी समुद्रफुलांची जात, दडलेली असू शकते. एकदा घरात शिरली की पागडीच्या भाडेकरूसारखी हलत नाही. आपल्याकडे हे लाडच नाहीत: दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला. त्यामुळे माझी सगळी हौस भाच्याच्या खर्चाने.