सरावातले 555 आणि मॅचमधले 543

राज्य स्पर्धा आटोपली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो, आणि यंदाही तो तसाच आहे. मुलगी क्लबात एअर पिस्तूलला 555 च्या आसपास मारते, मॅचला उभी राहिली की 540 ओलांडताना दमछाक होते. मन कच्चे पडते, एखादा मानसतज्ज्ञ सुचवा. पालकांनी असे लिहिले तर समजू शकते, पण आता कोचही हेच लिहू लागले आहेत आणि त्यांच्याशी स्पष्ट बोलणे भाग आहे. मुलीच्या मनावर बोट ठेवण्याआधी तो 555 चा आकडा आला कुठून, हे तपासा. बहुतेक वेळा तो आकडाच खोटा असतो. कोणी मुद्दाम खोटा लिहिलेला नसतो, पण ज्या रीतीने तो काढला जातो त्या रीतीत मॅच कुठेच नसते. मॅचच्या दिवशी दिसतो तो तिचा खरा स्कोअर, आणि तो तिला आणि तिच्या कोचला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटतो.

आपल्याकडच्या पुष्कळ क्लबांत रोजचा सराव चाळीस शॉटांवर थांबतो. याला इतिहास आहे. 2017 पर्यंत महिलांची आणि ज्युनिअर मुलींची मॅच चाळीस शॉटांचीच होती. 2018 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने ती पुरुषांप्रमाणे साठ शॉटांची केली. नियम बदलला, पण रेंजवरची सवय तीच राहिली. शाळा, क्लास आणि रेंजची वेळ यांच्या मध्ये चाळीस शॉट बसतात, साठ बसत नाहीत, म्हणून मुलगेही चाळीसच मारतात आणि कोच दीडपटीचा हिशेब करतो. समजा एका मुलीने 93, 94, 92, 91 अशा दहा-दहा शॉटांच्या चार सिरीज मारल्या. बेरीज 370, दीडपट 555. वहीत 555 लिहिले जाते, घरी तेच सांगितले जाते. मॅचला तीच मुलगी त्याच चार सिरीज मारते आणि पुढे 87 आणि 86. बेरीज 543. हे बारा गुण तिने अशा दोन सिरीजमध्ये गमावले, ज्या तिने सरावात कधी मारल्याच नव्हत्या. किलोभराचे पिस्तूल तासभर एका हाताने उचलत राहिल्यावर खांदा बसू लागतो, होल्ड रुंदावतो, बोट ट्रिगरवर अडते आणि मग घाईने ओढते. नऊच्या जागी आठ येतात, मध्येच एखादा सात. हे खांद्याच्या आणि सवयीच्या कामाचे अपुरेपण आहे. त्याला भीतीचे नाव देऊन ते मुलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

बरे, ते चाळीस शॉट तरी कसे मारले जातात? सायटर, म्हणजे मोजणीआधी निशाणा जुळवायचे शॉट, हवे तितके. पहिली सिरीज बिघडली तर ती 'वॉर्मअप' ठरते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. सात लागला की कोच मागून बोलतो, मनगट सैल पडले, फॉलो थ्रू सोडलास. मुलगी पिस्तूल ठेवते, पाणी पिते, ऐकते, मग पुढचा शॉट. घड्याळाकडे कोणी पाहत नाही. मॅचमध्ये यातले काहीच मिळत नाही. तयारी आणि सायटर मिळून पंधरा मिनिटे, त्यानंतर पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट, आणि मॅच सुरू झाल्यावर एकही सायटर नाही. कोचला बोलून सूचना देता येत नाही. बोलायचेच असेल तर रेंज ऑफिसरची परवानगी घेऊन फायरिंग लाइन सोडावी लागते, आणि घड्याळ चालूच राहते. पहिला मॅच शॉट गेल्यानंतर पेलेट न भरता हवा सुटली तरी तो शून्य धरला जातो. तालुक्याच्या रेंजवर कागदी टार्गेटवर शिकलेल्या मुलीसाठी आणखी एक फरक असतो. कागदावर त्याच साठ शॉटांना नव्वद मिनिटे असतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पंधरा मिनिटे कमी, आणि समोरचा मॉनिटर प्रत्येक शॉटचा दशांश दाखवत बसतो. पिस्तूलच्या पात्रता फेरीत 10.0 आणि 10.9 दोन्हींचे दहाच होतात हे तिला तोंडपाठ असते, तरी डोळा दशांशाकडे जातो आणि ती काट्याच्या ऐवजी आकड्याचा पाठलाग करू लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अखेर वरच्या पातळीवर सगळा खेळ मनाचाच असतो. असतो, आणि मनाचे काम आम्ही नाकारत नाही. पण वरच्या पातळीवरचे पुरावे नीट पाहिले तर ते काय सांगतात? पॅरिस ऑलिंपिकमध्ये सरबज्योत सिंग 577 गुण आणि 16 इनर टेनवर नववा राहिला; आठव्या आलेल्या जर्मन नेमबाजाचे गुण तेवढेच होते, इनर टेन 17 होते. पाच मिलिमीटरच्या वर्तुळात एक शॉट कमी पडला आणि अंतिम फेरी हुकली. तीनच दिवसांनी त्याच रेंजवर त्याने मनू भाकरबरोबर मिश्र सांघिकमध्ये कोरियाला 16-10 ने हरवून कांस्यपदक घेतले. मन कच्चे असण्याची उपपत्ती या तीन दिवसांत कुठे बसवायची? टोकियो ऑलिंपिकमध्ये मनूचे पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडले, मोलाची मिनिटे गेली, ती 575 वर थांबली आणि दोन गुणांनी बाहेर पडली. पॅरिसला तिने 580 मारून अंतिम फेरी गाठली आणि 221.7 गुणांवर कांस्यपदक घेतले. या पातळीवर एका गुणाने, एका इनर टेनने निकाल फिरतो. असा गुण शोधायचा तर कोणती सिरीज, कितवे मिनिट, कोणता शॉट हे माहीत असावे लागते. पिस्तूल बिघडले तर हात कोणाकडे दाखवायचा, परवानगी कशी मागायची, किती वेळ उरला आहे, हे आपल्या किती ज्युनिअर मुलांनी करून पाहिलेले आहे? ज्यांनी हे कधी केलेलेच नाही, त्यांना निर्धाराच्या गोष्टी सांगून काय उपयोग?

आता आयोजकांकडे वळू, कारण क्लबांचा दोष मोठा असला तरी स्पर्धा घेणाऱ्यांचा त्याहून मोठा आहे. मुलांना खरी मॅच शिकायला मिळावी अशी जागा म्हणजे जिल्हा आणि विभाग पातळीच्या स्पर्धा. तिथेच नियम सर्वांत आधी कापले जातात. या वेळच्या पत्रांतली सगळ्यांत जास्त पुन्हा पुन्हा आलेली तक्रार सायटरच्या वेळेची आहे: पंधरा मिनिटांची सात झाली, कुठे पाचच. कारण विचारले तर 'एंट्री फार आल्या' असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हाला मुळीच मान्य नाही, कारण यातला हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. वीस लेनची रेंज आहे. एका डिटेलला, म्हणजे एका वेळी उभ्या राहणाऱ्या तुकडीला, पंधरा अधिक पंचाहत्तर म्हणजे दीड तास, लेन रिकाम्या होऊन नवे नेमबाज उभे राहायला अर्धा तास. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पाच डिटेल होतात, म्हणजे दिवसाला शंभर नेमबाज. एंट्री दीडशे आल्या तर दोन दिवस लागणार, हे एंट्री बंद होते त्याच संध्याकाळी कळते. तरीही एका दिवसाचे वेळापत्रक छापले जाते, डिटेलची यादी आदल्या रात्री उशिरा येते, ती सकाळी बदलते, आणि वेळेची भरपाई मुलांच्या सायटरमधून केली जाते. चंद्रपूरहून किंवा नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलेली मुलगी पिस्तूल काढते, टेबलाची उंची बघते, आणि पाच मिनिटांत 'मॅच स्टार्ट' ऐकते. रेंजवरचा प्रकाश तिच्या क्लबापेक्षा वेगळा असतो, ग्रुप दोन क्लिक वर बसत असतो, हे तिला दुसऱ्या सिरीजमध्ये उमगते. तोवर पाचसहा गुण गेलेले असतात. प्रवेश शुल्क मात्र तिने पूर्ण भरलेले असते.

साहित्य तपासणीची गत तर याहून वाईट. नियमाने बॅरल उभी धरून ट्रिगरने 500 ग्रॅमचे वजन उचलले पाहिजे. कित्येक जिल्हा स्पर्धांत हे वजनच नसते. क्लबात तर ते कोणी पाहिलेलेही नसते. पिस्तूल मोरिनीचे असो वा स्टायरचे, आधीच्या मालकाने लावलेल्या ट्रिगरवर मुलगी वर्षभर सराव करते. मोठ्या स्पर्धेच्या काउंटरवर वजन उचलले जात नाही, तिथेच कोणीतरी स्क्रू फिरवते, आणि अर्ध्या तासाने ती अनोळखी ट्रिगरवर पहिला शॉट सोडते. शेवटच्या सिरीजनंतर अचानक केलेल्या तपासणीत ट्रिगर कमी भरला तर थेट बाद. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरची मुदत संपलेली निघते तीही तिथेच. हे सगळे जिल्ह्याला पकडले गेले असते तर कोणाचेही नुकसान झाले नसते.

आयोजक म्हणतात, जास्त मुलांना संधी मिळावी म्हणून आम्ही तडजोड करतो. या सद्भावनेमागे दुसरेही काही आहे आणि ते आपण सगळे जाणतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि दोन्हींसाठी प्रमाणपत्र लागते. या सवलतींना आमचा विरोध नाही. त्यांच्यामुळे अनेक मुले खेळात टिकली आहेत. पण प्रमाणपत्र हेच स्पर्धेचे फलित झाले की मॅच कशी घेतली याची चौकशी कोणी करत नाही. प्रमाणपत्रावर एकूण गुण आणि क्रमांक असतो. सहा सिरीज कशा गेल्या, वेळ किती उरला, हे कुठेच नसते. मुलगी एक कागद घेऊन घरी जाते आणि तिच्या कोचला त्या कागदातून शिकवण्यासारखे काही सापडत नाही. संधी द्यायची तर दुसरा दिवस घ्या, किंवा एंट्रीला मर्यादा घाला. कापलेल्या मॅचला संधी म्हणू नका.

क्लबांच्या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. इलेक्ट्रॉनिक टार्गेट सगळ्यांना परवडत नाही, पण भिंतीवरचे घड्याळ, रेंज ऑफिसरचे ठरलेले हुकूम आणि दीड तास शांतता एवढ्याला पैसे पडत नाहीत. कागदी टार्गेटवर घड्याळ पंचाहत्तर मिनिटांचे लावले तरी चालते. पेलेट जास्त जातात ही तक्रार टिकत नाही, कारण आठवड्यातल्या दोन अर्धवट सत्रांच्या जागी एक पूर्ण मॅच बसते. सगळ्यांत गंभीर आक्षेप काही जुन्याजाणत्या कोचांचा आहे: सारखी मॅच घेतली तर मुले स्कोअरच्या मागे लागतील, तंत्र बिघडेल. हा धोका खरा आहे आणि सुरुवातीच्या वर्षात मुलांना मॅचपासून दूर ठेवावे हे आम्हालाही पटते. पण स्कोअरचे वेड लागते ते वर्षातून चारपाचच मॅच मिळाल्याने. प्रत्येक मॅचवर पूर्ण वर्ष टांगलेले असले की मुलगी प्रत्येक आठाला घाबरणारच. तिसऱ्या सिरीजमध्ये सात लागल्यावर पिस्तूल ठेवणे, खुर्चीवर बसणे, उरलेली मिनिटे मोजणे, दोनदा ड्राय, म्हणजे पेलेट आणि हवेशिवाय ट्रिगर ओढणे, आणि मगच पुढचा शॉट घेणे ही कौशल्ये आहेत. होल्डसारखीच ती पुन्हा पुन्हा करून येतात आणि त्यासाठी जिचा निकाल कुठे जाणार नाही अशी, पण नियमाने पूर्ण, मॅच लागते.

तेव्हा आमची विनंती क्लब चालवणाऱ्यांना आणि कोचांना आहे. या महिन्यापासून एक रविवार पक्का करा. पंधरा आणि पंचाहत्तर मिनिटे, साठ शॉट, दारात ट्रिगरचे वजन, मागे उभ्या कोचचे तोंड बंद, पालक रेंजबाहेर. कधीतरी एखाद्या मुलीला मध्येच थांबवून 'तुझे पिस्तूल बिघडले' असे सांगा आणि ती काय करते ते पाहा. मॅच संपल्यावर सहाही सिरीज आणि उरलेला वेळ फलकावर लावा, आणि वहीतला दीडपटीचा हिशेब आजच बंद करा. निकाल आमच्याकडे पाठवा, मुलांची नावे न देता क्लबनिहाय आम्ही ते दर अंकात छापू. जिल्हा आणि विभागाच्या स्पर्धांत सायटरला प्रत्यक्ष किती मिनिटे दिली, लेन किती होत्या आणि एंट्री किती घेतल्या, हेही कळवा. तेही छापू, आणि संबंधित संघटनेने उत्तर दिले तर त्याच पानावर देऊ. माहिती महिन्याच्या वीस तारखेपर्यंत यावी. नुसता एकूण स्कोअर पाठवू नका, सिरीज पाठवा.