उत्तरपूजेविना स्थापना

आमच्या गोव्यात स्थापना म्हटले की चवथ आठवते. माटोळी बांधायची, मूर्ती आणायची, भटजींकडून प्राणप्रतिष्ठा करून घ्यायची. मग गणपती दीड दिवसांचा असो की पाच दिवसांचा, उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती जागची हलवायची नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. कॉम्प्युटरवाले स्थापनेला इन्स्टॉलेशन म्हणतात आणि उत्तरपूजेला अनइन्स्टॉल. ही उत्तरपूजा कोणीतरी अर्धवट सोडली की पुढे काय काय होते, ते गेल्या डिसेंबरात मी सुरतेला ताईच्या घरी पाहिले.

मुक्तिदिनाच्या सुट्टीला जोडून चार दिवस रजा टाकली आणि मडगावला ओख्याची गाडी पकडली. डोक्यात पोंक आणि लोचो होते. (डिसेंबरात सुरतेला जाऊन पोंक न खाणे म्हणजे मे महिन्यात गोव्यात येऊन मानकुराद न खाण्यासारखे.) ताईचे घर उधन्याला. त्या भागात आणि शेजारच्या लिंबायतमध्ये मराठी माणसांची, त्यातही खानदेशी मंडळींची, मोठी वस्ती आहे. भावोजी मूळचे धुळ्याकडचे. घरात अहिराणी, मराठी, गुजराती आणि ताई रागावली की कोकणी, अशा चार भाषा चालतात. भावोजींचे साड्यांना लेस लावून देण्याचे जॉबवर्क आहे आणि त्याचा हिशेब घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. जीएसटीची बिले त्यात, भाचीचे बारावीनंतरच्या प्रवेशाचे दाखले त्यात, आणि आमच्या आईचे शेवटचे फोटोही त्यातच. मी पोचलो तेव्हा हा कॉम्प्युटर वायर काढून, वर टॉवेल घालून ठेवला होता. घरात कोणी आजारी असावे तसे सगळे हळू आवाजात बोलत होते.

झाले होते असे. अँटीव्हायरसची मुदत संपत आली म्हणून भावोजींनी दुकानातून नव्या आवृत्तीचा डबा आणला. (कंपनीचे नाव लिहीत नाही.) भाचीने तो चढवायला घेतला. हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली, थांबली, मागे फिरली आणि पडद्यावर आकडा आला, १६०३. पुन्हा केले तर १६१८. तिसऱ्यांदा परत १६०३. या खटाटोपात जुन्या अँटीव्हायरसचे चिन्ह कोपऱ्यातून नाहीसे झाले आणि नवा तर आत आलाच नव्हता. भावोजी कामावर गेले होते. ताईने घाबरून मोबाइलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला.

पलीकडचा माणूस फार अदबीने हिंदीत बोलला. मॅडम, चिंता करू नका, फक्त हे छोटेसे ॲप घ्या म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल. ताईने घेतले. त्याने एक काळी खिडकी उघडून त्यात भराभर अक्षरे पळवली आणि सांगितले, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर शिरले आहेत, दुरुस्तीचे पाच हजार होतील, बँकेची साइट उघडा आणि कार्ड हाताशी ठेवा. ताईने पर्स उघडली होती. तेवढ्यात भाची क्लासमधून आली, तिने पडद्यावर आपोआप फिरणारा बाण पाहिला आणि काही न विचारता भिंतीतली वायर ओढली. पैसे गेले नाहीत. बँकेत जाऊन पासवर्ड बदलले, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर कळवले. "सुरत लुटायची आपली जुनी सवय," भावोजी हसत म्हणाले, "१६६४ साली एकदा, १६७० साली दुसऱ्यांदा. तिसरी लूट आमच्याच घरात होणार होती." ताई मात्र हसली नाही. चार दिवस ती एवढेच म्हणत होती, माझेच चुकले, मला इंग्रजी कळत नाही.

माझे म्हणणे इथे आहे. ताईचे चुकले नव्हते. १६०३ या आकड्याचा अर्थ काय, तर इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली. बस्स! म्हणजे माणूस म्हणतोय दार उघडत नाही आणि उत्तर मिळते की दार उघडलेले नाही. १६१८ निदान काही सांगतो, की दुसरे एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, ते आधी संपू द्या. पण तेही आकडा ठाऊक असलेल्यालाच.

मी सरकारी कारकून, कलाशाखेचा पदवीधर. लोक आम्हाला नावे ठेवतात आणि पुष्कळदा ती रास्तही असतात. पण आमच्याकडे अर्ज परत पाठवायचा झाला तर हरकत काय ती लिहावी लागते. कोणता दाखला जोडलेला नाही, कुठली सही राहिली. नुसता '१६०३' असा शेरा मारून मी फाइल परत केली असती तर साहेबांनी मला मेमो दिला असता, आणि बरोबरच केले असते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामकाजात जागा आहे. ती प्रत्यक्षात किती मिळते यावर आपण पुष्कळ भांडलो आहोत, पुढेही भांडू. पण विंडोजला तर मराठीचा आणि कोकणीचाही पेहराव चढवता येतो. मग घराच्या पहारेकऱ्याने 'आधीच्या पहारेकऱ्याचे सामान आत पडले आहे, ते काढल्याशिवाय मला बसता येत नाही' एवढे एक वाक्य मराठीत बोलायला काय हरकत आहे? हे वाक्य पडद्यावर असते तर ताईने त्या भामट्याला फोन केलाच नसता. न कळणारा संदेश माणसाला परक्याच्या दारात पाठवतो, आणि त्या दारात कोण बसले आहे ते आपण पाहिलेच.

या धंद्याची सुरुवात तर आपल्याच माणसांची. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे मूळ असलेले, दहावीनंतर शिक्षण सोडलेले कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले, फ्लॉप्यांवरून व्हायरस घेऊन आलेले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले होते. त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यावर इलाज लिहिला, आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. २०१६ साली त्यांचे शेअर बाजारात आले. (ताईच्या घरातला डबा त्यांचा नव्हता, हे सांगून टाकतो, उगाच गैरसमज नको.) मला या गोष्टीत आवडते ते दुरुस्तीचे टेबल. गिऱ्हाईक समोर उभे, कारागीर त्याच्याच भाषेत सांगतो, अहो, यात अमुक शिरले होते, काढले. आता टेबल गेले आहे, गिऱ्हाईक एकटे उरले आहे आणि समोर आकडा आहे.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो खाऊन मी आणि भाची कामाला लागलो. माझे कॉम्प्युटरचे ज्ञान ऑफिसात धक्के खाऊन मिळवलेले, पण तिला धीर हवा होता आणि मला तिची नजर.

इंटरनेट जोडण्याआधी त्या भामट्याचे ॲप शोधून काढून टाकले. मग सगळी कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले. आईचे फोटो दोन ठिकाणी. डब्यावरचा परवाना क्रमांक कागदावर लिहून घेतला. इंटरनेट जोडले तर कंपनीची साइट असुरक्षित असल्याचा इशारा! ताई पुन्हा पांढरी पडली. भाचीने कोपऱ्यातले घड्याळ दाखवले. कॉम्प्युटर २०१२ सालात होता. आतली नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपली होती, आणि भिंतीतली वायर ओढल्यावर घड्याळ जन्मसालात जाऊन बसले होते. साइटची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात, तारीखच खोटी असेल तर खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते. चौकातल्या घड्याळवाल्याकडून बॅटरी आणून बसवली, तारीख लावली आणि साइट निमूट उघडली.

तरीही नवा अँटीव्हायरस आत जाईना. मग घराण्याचा इतिहास विचारावा तसे मी विचारत गेलो, की या कॉम्प्युटरवर आजवर कोण कोण राहून गेले? तेव्हा कळले, की जुळणी करणाऱ्या पोराने सुरुवातीला एक फुकटचा अँटीव्हायरस घालून दिला होता. पुढे विकतचा आणला तेव्हा कोणीतरी त्या फुकट्याचा फोल्डर नुसता पुसून टाकला. ही ती अर्धवट उत्तरपूजा. अँटीव्हायरस म्हणजे काही पत्त्यांचा खेळ नव्हे. तो प्रत्येक फाइल उघडण्याच्या वाटेवर, यंत्रणेच्या पार आत, चौकी मांडून बसतो, आणि कोणी त्याला उठवू नये म्हणून स्वतःचे रक्षणही करतो. व्हायरसने त्याला मारू नये म्हणून हे लागतेच. पण मालकानेही फोल्डर पुसला तर वरचा बोर्ड जातो, आतली चौकी राहते. एका वाटेवर दोन चौक्या झाल्या की दोघे एकमेकांचीच झडती घेत बसतात, म्हणून नव्याची स्थापना थबकते.

याहून वाईट प्रकार मला माझ्या ऑफिसच्या भाषेत नेमका समजला. विंडोज १० मध्ये स्वतःचा डिफेंडर असतो. दुसरा अँटीव्हायरस हजर असल्याची नोंद असली की तो बाजूला होतो, आणि ती नोंद गेली की आपणहून जागा होतो. ताईच्या कॉम्प्युटरवर अर्धवट गेलेल्या पहारेकऱ्याची सही मस्टरवर तशीच होती. माणूस नाही, पण हजेरी चालू! त्यामुळे डिफेंडर झोपलेला आणि घर उघडे.

इलाज साधा आहे, फक्त कोणी सांगत नाही. बहुतेक कंपन्या आपापल्या साइटवर आपला माल मुळापासून उपटणारे वेगळे साधन फुकट ठेवतात. गेलेल्या दोन्ही पाहुण्यांची दोन साधने आम्ही ज्यांची त्यांच्याच साइटवरून घेतली. शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट केले, सेफ मोडमध्ये शिरलो, तिथे या चौक्या उठत नाहीत. एकेक साधन चालवले, प्रत्येकानंतर पुन्हा रिस्टार्ट. टेम्प फोल्डरातला कचरा काढला. डिफेंडर जागा झालेला दिसला, मला तर मुजरा करावासा वाटला! मग डब्यातल्या सीडीऐवजी साइटवरून ताजी प्रत घेऊन चढवली. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. सगळे मिळून साडेतीन तास, पैकी अर्धा वेळ नुसता रिस्टार्टचा.

हे पाहताना भावोजींना १९९४ आठवले. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. भावोजीही धुळ्याला गेले होते. पुढल्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी काय केले, तर आधी कचरा उचलला. भावोजींच्या बोलण्यात त्यांच्याविषयी अजून आदर आहे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरत पहिली आली याचा त्यांना असा अभिमान, की झाडू त्यांनीच मारला असावा. २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राविषयी, तिथे मिळणाऱ्या फुकट सफाई साधनांविषयी, मी त्यांना सांगितले. नाव ऐकून खूश झाले. मात्र अशी सोय आहे हे किती घरांना माहीत आहे?

कोणी म्हणेल, ही अडाणी गृहस्थांची रडगाणी. तसे म्हणवत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडच्या काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि इलाज? बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जायचे, सेफ मोडमध्ये शिरायचे, एक फाइल पुसायची. जे उधन्याच्या खोलीत भाचीने केले तेच. फरक एवढाच, की त्या कंपन्यांकडे पगारी तज्ज्ञ होते आणि ताईकडे होता तो फसवा नंबर.

ताईला एक कडू गोष्टही सांगावी लागली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेण्याच्या लायकीचा नाही. वर्षभरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळायची सोय आहे, तेवढी लावून दिली. पण भिंतीला तडा असताना दाराला कितीही महागाचे कुलूप लावा... भावोजींनी विषय बदलला. सीझन संपला की बघू, म्हणाले.

निघण्याच्या आदल्या रात्री मी ऑफिसच्या वळणाने एक कागद लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. परवाना क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, डब्यावर छापलेला कंपनीचा मदत क्रमांक, त्याखाली ठळक अक्षरात १९३०. आणि एक ओळ : नवा चढवण्याआधी जुना रीतसर काढावा. ताईने वाचून पाहिले आणि तिला सगळे कळले. मराठीत होते ना!

मडगावला उतरलो तर मोबाइलवर भावोजींचा निरोप. "वरच्या मजल्यावरच्या पाटलांकडे १६०३ आला आहे. मला बोलावतात. काय करू?"

मी रिक्षात बसता बसता लिहिले, "आधी तारीख बघा. मग विचारा, आधी कोण राहत होते."