रोज्याआड लपलेला आजार

रमजानमध्ये घरातल्या तरुण मुलीने सहरीला जेमतेम दोन खजूर खाल्ले, इफ्तारला फळाच्या फोडीवर भागवलं, तरी कुणाला वावगं वाटत नाही. उलट ‘किती सब्र आहे पोरीत!’ असं कौतुक होतं. बहुतेक घरांत ते रास्तच असतं. पण एखाद्या घरात ती मुलगी इबादतीसाठी नव्हे, तर वजनाच्या काट्याच्या भीतीने उपाशी असते. एरवी तिला न जेवण्याची कारणं शोधावी लागतात, या महिन्यात ती आयती मिळतात.

या आजारांना ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अॅनोरेक्सियात माणूस हाडं दिसू लागली तरी स्वतःला जाड समजतो. बुलिमियात भरमसाट खाऊन नंतर ते उलटून टाकलं जातं. हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक जीवघेण्या आजारांत अॅनोरेक्सियाची गणना होते. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलग्यांनाही हे आजार होतात, आणि अंगाने भरलेल्यांनाही.

एक खूण आयांनी लक्षात ठेवावी. मासिक पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो. मग मुलीने सलग तीस रोजे केले, तर शाबासकी देण्याआधी पाळी येते का, हे मायेनं विचारावं. पाळी थांबण्याची कारणं अनेक असतात, पण शरीराला अन्न कमी पडणं हे त्यातलं एक आहे.

आजारी माणसाला कुरआनने रोज्यातून सूट दिली आहे. बरं झाल्यावर ते रोजे पूर्ण करता येतात, आणि बरं होण्याची आशा नसेल तर फिदया आहे. मधुमेहाच्या रुग्णाला आपण ही सूट सहज देतो, मनाच्या रुग्णाला मात्र ‘इमान कमजोर’ ठरवतो. रोज रोजा आणि रात्रभर नमाज करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांना पैगंबरांनी (स.) शरीराचाही हक्क असतो, याची आठवण करून दिली होती. शुक्रवारच्या खुतब्यात इमामसाहेबांनी ही गोष्ट सांगितली, तर कितीतरी घरांतला संकोच सुटेल.

पण घरच्यांचे डोळे उघडले, तरी मुलीला न्यायचं कुठे? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावं, असं त्यात म्हटलं आहे. या आजारात मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून उपचार करावे लागतात. मोठी शहरं सोडली तर असं पथक सापडणं कठीण. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी हे चौघे एकत्र बसावेत, ही मागणी जास्त नाही. शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना या आजाराची लक्षणं शिकवणं तर त्याहून सोपं आहे.

तोवर सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. शुद्ध हरपत असेल किंवा छातीत धडधड होत असेल, तर मात्र थेट दवाखाना गाठावा.

आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर कुणाच्या जाड-बारीक असण्यावर शेरे मारू नयेत. त्या रोज्यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही.