न उघडलेली वही

वसुबारस उजाडली की आमच्या खामगावच्या चांदीच्या बाजारात नव्या वह्यांच्या गोष्टी सुरू होतात. आमची सारी उमर तिथल्या एका पेढीवर कीर्द-खतावणी लिहिण्यात गेली. त्यामुळे 'नोंद' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात!

गेल्या दिवाळीला पुण्याहून भाचा आला, तो लॅपटॉपसकट. धनत्रयोदशीला फराळाला बसला आणि फोन येताच तसाच उठला. त्याच्या कचेरीच्या कामाचा मोठा भाग कुणीतरी पुसून टाकला होता. दोन तासांत त्याने तो पुन्हा उभा केला. मग प्रश्न निघाला, पुसला कुणी? सर्वांची बोटे नुकत्याच लागलेल्या एका पोराकडे वळली.

"अरे, वहीत बघ की!" मी म्हटले.

"मामा, वहीच उघडलेली नाही."

मग त्याने समजावले. हल्ली संगणकाचे कार्यक्रम 'कंटेनर' नावाच्या डब्यांत घालून अनेक यंत्रांवर चालवतात. कोणता डबा कुठे ठेवायचा, एक बंद पडला तर दुसरा कसा उभा करायचा, हे पाहणारी व्यवस्था म्हणजे कुबरनेटिस. ग्रीक भाषेत याचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने ती २०१४ साली सर्वांना खुली केली. तिचा मेंदू म्हणजे 'कंट्रोल प्लेन'. तो भाड्याच्या सेवेत घेतला की त्याची यंत्रे मालकाच्या कुलपात. आपण आत शिरू शकत नाही. नोंदी मात्र मागून घेता येतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या ईकेएसमध्ये अशा पाच वह्या आहेत : एपीआय सर्व्हर, ऑडिट, ऑथेंटिकेटर, कंट्रोलर मॅनेजर आणि शेड्यूलर. पाचही मुळात बंद असतात. चालू केल्या की नोंदी क्लाउडवॉच या कोठारात जमतात आणि त्याचे पैसे पडतात. कुणी कोणता हुकूम सोडला, ते ऑडिटच्या वहीत सापडते. पण वही उघडण्यापूर्वीचे पान कधीच मिळत नाही. कुबरनेटिसची 'इव्हेंट' नावाची किरकोळ टिपणे असतात, तीही साधारण तासाभरात जातात.

"म्हणजे त्या पोराने पुसले, याला पुरावा नाही?"

"नाही. आणि त्याने पुसले नाही, यालाही नाही."

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने वरिष्ठांना फोन लावला. "त्या मुलाचे नाव घेऊ नका. खर्च वाचवायला ऑडिट मीच बंद ठेवले होते. चूक माझी."

लक्ष्मीपूजनाला आम्ही नव्या वहीवर 'श्री' काढले. शेजारी बसून भाच्याने ऑडिट चालू केले आणि सर्वांनी एकच किल्ली वापरण्याची पद्धतही मोडली. ज्याची त्याची सही वेगळी.

"पहिल्या पानावर काय आले रे?"

"यंत्रांच्याच नोंदींची झुंबड, मामा! माझे नाव हुडकावे लागले."

कुणी पुसले, ते आजतागायत कळलेले नाही. पाडव्याला मात्र त्या पोराचा फोन आला. काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. भाच्याने राहिलेला फराळ तेवढा त्या दिवशी पोटभर खाल्ला.