शिक्षिकेचे प्रशिक्षण, सेविकेचे मानधन

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बालवयातील संगोपन व शिक्षण यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वयाच्या सहा वर्षांपर्यंत मेंदूची बहुतांश वाढ पूर्ण होते असे ते सांगते, आणि म्हणून या वयाच्या मुलांना शिकवणारी व्यक्ती प्रशिक्षित असली पाहिजे असा निष्कर्ष काढते. या निष्कर्षाशी कोणाचाही वाद असण्याचे कारण नाही. वाद सुरू होतो तो त्यापुढील तरतुदींपासून. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकेने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरा करावा, कमी शिकलेल्या सेविकेने एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पुरा करावा; हे शिक्षण तिने दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवरून आणि स्मार्टफोनवरून घ्यावे; महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्गाला बसावे; आणि हे सारे अशा रीतीने व्हावे की तिच्या चालू कामात कमीत कमी व्यत्यय यावा.

कमीत कमी व्यत्यय! या दोन-तीन शब्दांत शासनाची या विषयातील सारी अर्थनीती सामावलेली आहे. केंद्र बंद राहू नये, बदली बाई नेमावी लागू नये, प्रशिक्षणाच्या काळाचे वेतन देण्याचा प्रश्न उद्भवू नये, आणि तरीही काही वर्षांत देशाला लाखो प्रशिक्षित बालशिक्षिका मिळाव्यात. कारखान्यातील शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याने निदान विद्यावेतन तरी मिळवून दिले आहे. अंगणवाडी सेविकेने फोनवरचा पाठ ऐकायचा तो रात्री घरच्यांची जेवणे उरकल्यावर. ती उमेदवार नाही, विद्यार्थिनी नाही आणि सरकारच्या लेखी कामगारही नाही.

कामावर राहून काम शिकणे ही गोष्ट मुळात वाईट नाही. गवंडी, विणकर, सुईण, लोहार यांनी आपली विद्या अशीच मिळवली. लहान मुलांना वाढवण्याचे व शिकवण्याचे काम तर दुसऱ्या कोणत्याही रीतीने पुरतेपणी शिकताच येत नाही. आईच्या कडेवरून उतरायला तयार नसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला उचलून घ्यायचे की थोडा वेळ दारातच बसू द्यायचे, हे कोणत्याही चित्रफितीत कळत नाही. चिंचोके आणि गारगोट्या वेगळ्या करायला दिल्या तर एक मूल रंगाने वेगळे करते, दुसरे आकाराने करते, तिसरे सगळे एकत्र करून गाडी बनवते. तिन्ही मुले काहीतरी शिकत आहेत, आणि तिसऱ्याला दटावले तर ते शिकणे थांबते, हे ओळखायला सरावलेला डोळा लागतो. हाक मारल्यावर वळून न पाहणारे मूल हट्टी आहे की त्याला ऐकू कमी येते? वजन दोन महिने जागेवर अडलेल्या मुलीच्या घरी काय चालले आहे? मेळघाटातील मूल कोरकू बोलते, भामरागडचे माडिया बोलते, डहाणूचे वारली बोलते, आणि पाठ्यपुस्तकाची मराठी त्या सर्वांना परकी असते. त्या बोलीतून प्रमाणभाषेकडे मुलाला न घाबरवता कसे न्यावे? हे ज्ञान अनुभवी बाईच्या शेजारी बसून, तिची चूक आणि स्वतःची चूक पाहून, आणि त्या चुकीवर दुपारी चार शब्द बोलूनच येते. त्यासाठी शिकवणारी अनुभवी व्यक्ती हवी, मुलांची संख्या आवाक्यात हवी आणि दुपारचे ते चार शब्द बोलायला वेळ हवा. तिन्ही गोष्टींना पैसा लागतो. फोनवरचा पाठ मात्र जवळजवळ फुकट असतो, आणि ज्याला नंतर 'प्रशिक्षण पूर्ण' असा शेरा मारता येतो तोही तोच असतो.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास ठाऊक असायला हवा, कारण अंगणवाडी हा शब्दच ठाणे जिल्ह्यात घडला. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली, आणि पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया आणि पाने वापरण्याचा धडा याच कामातून मिळाला. तेथे बालसेविका तयार झाल्या त्या अशाच, अंगणात बसून.

त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात दुसरी एक घटना घडत होती, जिची नोंद बालशिक्षणाच्या इतिहासात सहसा होत नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेच्या परिषदेत गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, लग्नगडीची गुलामी नाकारली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वारली हुतात्मे झाले. ज्या अंगणात मुले जमत होती त्याच अंगणातील बाप सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायला नकार देत होता. ताराबाई आणि अनुताई यांच्या कामाविषयी आदर राखूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांच्या परंपरेतला 'सेवा' हा शब्द त्यांच्यापुरता प्रामाणिक होता, कारण त्या स्वतः त्या शब्दाप्रमाणे जगल्या. शासनाने तो शब्द उचलला, आणि स्वेच्छेने केलेल्या त्यागाचे रूपांतर लाखो गरीब स्त्रियांवर लादलेल्या अल्प मोबदल्यात करून टाकले. 'सेविका' या नावात तो सारा व्यवहार दडलेला आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. हा विस्तार सरकारच्या उदारपणाने झालेला नाही. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४ लाख केंद्रांचा आदेश दिला तेव्हा सरकारला हलावे लागले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका बाईने द्यायच्या. नव्या सेविकेसाठी कामाच्या प्रशिक्षणाचे २६ दिवस आणि मदतनिसासाठी अवघे पाच दिवस असे प्रमाण पुढे बरीच वर्षे राहिले. २०१८ च्या पोषण अभियानात २१ घटकांचे 'टप्प्याटप्प्याने शिक्षण' आले, तेही पर्यवेक्षिकेच्या मासिक बैठकीत, अहवाल घेता-देता. मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' असे हिंदी घोषवाक्य घेऊन नवी मोहीम निघाली आणि सेविकांच्या वाट्याला काही दिवसांचे वर्ग आले. याच देशात शाळापूर्व शिक्षणाची जी पदविका राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने मान्य केली आहे तिचा कालावधी दोन वर्षांचा आहे.

दरम्यान सेविकेला खरोखरच कसून काही शिकवले गेले असेल तर ते मोबाइलवर माहिती भरण्याचे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. मुलाचे वजन-उंची, आहार घेणाऱ्यांची यादी, हजेरी, छायाचित्र, आणि पुढे आहार नेणाऱ्या मातेचा चेहराही त्या यंत्राला दाखवायचा. जाळे नसलेल्या पाड्यावर ती टेकडीवर जाऊन फोन उंच धरते, आणि खाली तीस मुले मदतनिसाच्या भरवशावर असतात. नोंद झाली नाही तर काम झाले नाही, आणि काम झाले नाही तर मानधन कापले जाण्याची भीती. मुलाला गोष्ट सांगितली की नाही हे मात्र ट्रॅकर विचारत नाही.

मोबदल्याचा हिशेब एका ओळीत होतो. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरवले. मदतनिसाचे दिवसाचे ७५ रुपये झाले! राज्ये आपापली भर घालतात. ती भर संपांनी मिळवलेली आहे आणि ती राज्याराज्यांत वेगवेगळी आहे. पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या अशी शिफारस केली होती. तिच्यात मालक होते, कामगार संघटना होत्या आणि सरकारही होते. शिफारस कपाटात गेली.

कायद्याच्या दालनातही हाच खेळ चालला आहे. २००६ मध्ये अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविकांची पदे नागरी सेवेतील पदे नाहीत असे म्हटले, आणि प्रत्येक सरकारने तो निकाल ढालीसारखा वापरला. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्या निकालाची कारणमीमांसा प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने वाचावी अशी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ ने अंगणवाडीच्या कामाला वैधानिक आधार दिला आहे, शाळापूर्व शिक्षण हा त्या कामाचा भाग आहे, आणि मानधन म्हणून जे दिले जाते ते वेतनच आहे, असे न्यायालय म्हणते. म्हणजे 'शिक्षिका' या नात्याने तिचा हक्क पुढे सरकतो. म्हणूनच तिला शिक्षिकेचे प्रशिक्षण द्यायचे पण शिक्षिका म्हणायचे नाही, ही सरकारची धडपड समजण्यासारखी आहे.

आणि मानसेवी म्हणवल्या जाणाऱ्या याच बायका जेव्हा काम थांबवतात तेव्हा काय होते? जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशच्या सरकारने संपावरील सेविकांना अत्यावश्यक सेवा कायदा लावला. त्याआधी २०२२ मध्ये दिल्लीतही तोच कायदा वापरला गेला. पगार मागताना स्वयंसेविका, संप करताना अत्यावश्यक सेवा!

शहरांतील खाजगी बालवाड्यांत चित्र वेगळे दिसते, पण त्याचे व्याकरण तेच आहे. गल्लीगल्लीत रंगीत भिंतींच्या 'नर्सऱ्या' निघाल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होत असल्याने त्यांच्यावर फारसे बंधन नाही. बारावी झालेल्या मुलीला 'आधी शिकून घे' म्हणून घेतले जाते. मुलांची तोंडे धुणे, शी-शू काढणे, फरशी पुसणे हे सारे प्रशिक्षण म्हणून नाममात्र पैशांत करून घेतले जाते, आणि ती मुलांना सांभाळण्यात तरबेज झाली की पगार वाढवण्याची वेळ टाळण्यासाठी दुसरी मुलगी येते. या मुली कोणत्याही संघटनेत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे चळवळीचे राहून गेलेले काम आहे.

येथे चळवळीतील एका चुकीच्या प्रवृत्तीविषयीही बोलले पाहिजे. आधीच कामाचा बोजा आहे, त्यात प्रशिक्षण नको, असा सूर काही ठिकाणी निघतो. थकलेल्या बाईच्या तोंडून तो निघणे स्वाभाविक आहे. संघटनेने तो आपला करता कामा नये. कष्टकऱ्यांच्या मुलाला मिळणारे पहिले शिक्षण अंगणवाडीतच मिळते. श्रीमंताचे मूल भरमसाट फी भरून जे मिळवते ते शेतमजुराच्या मुलीला फुकट आणि चांगले मिळावे, हा वर्गीय प्रश्न आहे. लेनिनने १९१९ मध्ये पाळणाघरे आणि बालवाड्या यांना साम्यवादाचे कोवळे अंकुर म्हटले होते, कारण त्यांमुळे स्त्री चुलीच्या गुलामीतून मोकळी होते. पण एका स्त्रीला मोकळे करण्यासाठी दुसऱ्या स्त्रीला फुकट राबवायचे, असा त्याचा अर्थ कोणी लावू शकत नाही.

तेव्हा मागणी प्रशिक्षण टाळण्याची नसून खऱ्या प्रशिक्षणाची असली पाहिजे. ते कामाच्या वेळेत व्हावे आणि त्या दिवसांचे पूर्ण वेतन मिळावे. सेविका वर्गाला गेली की केंद्रावर बदली बाई यावी. आज ती येत नाही आणि मदतनीस एकटीच स्वयंपाक, मुले आणि हजेरी सांभाळते. अभ्यासक्रम स्थानिक भाषेत असावा, शुल्क नसावे. शिकवणारी व्यक्ती वर्षातून काही वेळा तरी अंगणवाडीत येऊन मुलांमध्ये बसावी. पदविका मिळाली की वेतनश्रेणी मिळावी, नाहीतर त्या कागदाचा उपयोग पुढच्या भरतीत तिलाच बाहेर ठेवण्यासाठी होईल. पाच वर्षांवरील मुले शाळेच्या बालवाटिकेत नेण्याची जी हालचाल चालू आहे तिच्यात हा धोका उघड दिसतो.

सर्वांत कमी चर्चा होते ती मदतनिसाची. कामावर राहून शिकण्याचे खरे उदाहरण तीच आहे. पंधरा-वीस वर्षे ती सेविकेच्या शेजारी बसलेली असते. गावातले प्रत्येक मूल आणि त्याची आई तिला माहीत असते. २०२२ च्या सक्षम अंगणवाडी मार्गदर्शक सूचनांनी सेविकेच्या निम्म्या जागा पाच वर्षे अनुभव असलेल्या मदतनिसांमधून बढतीने भरण्याची तरतूद केली, आणि त्याच सूचनांनी बारावीची अट घातली. दहावीला शाळा सोडून चुलीपाशी आलेल्या पिढीला ही अट पार करायची तर त्यांच्यासाठी बारावीपर्यंतच्या शिक्षणाची सोय केंद्र सुटल्यावर गावातच व्हायला हवी, परीक्षेची रजा हवी. ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस संपावर खांद्याला खांदा लावून बसल्या. त्या संपाच्या मागणीपत्रकात वेतन होते, ग्रॅच्युइटी होती, निवृत्तिवेतन होते. पुढच्या मागणीपत्रकात मदतनिसाच्या बारावीची सोय आणि तिची बढती ही कलमे याच मागण्यांच्या बरोबरीने यायला हवीत.