फाईल गेली, पण पोहोचली का?

मागच्या रमजानमधली गोष्ट आहे. आमची लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. अर्थशास्त्राचा गृहपाठ हाताने लिहून, पानांचे फोटो काढून, त्यांची एक पीडीएफ करून गुगल क्लासरूमवर जमा करायचा होता. मुदत रात्री 11:59 ची. चौदा पाने तिने जोहरच्या आधीच लिहून काढली होती. राहिले होते फक्त पाठवायचे.

घरात नीट चालणारा फोन एकच. सकाळी तो दुकानात गेला, कारण गिऱ्हाइकांचे पैसे त्यावरच येतात. असरनंतर तिच्या भावाने घेतला, मॅच होती. इफ्तारनंतर तिने पुन्हा मागितला, तर आम्ही म्हणालो, "तरावीहहून आल्यावर देतो." फोन आमच्या खिशात बसून मशिदीत गेला, तोही आवाज बंद करून. नमाज झाली, ओळखीचे भेटले, चहा झाला. घरी पोहोचायला अकरा वाजून गेले.

मग एकच धांदल. काही फोटो आडवे, काही उभे, बॅटरी संपत आलेली. बारा वाजायला सात मिनिटे असताना लेक म्हणाली, "झालं एकदाचं." सगळे निवांत झोपलो.

दोन दिवसांनी मॅडमनी विचारले, "तुझ्या नावापुढे जमा झाल्याचं दिसतं, पण आत फाईलच नाही. असं कसं?" लेकीने घरी येऊन फोन उघडून पाहिला. खरेच, फाईल जोडलीच गेली नव्हती. त्या ॲपमध्ये फाईल जोडलेली नसेल तर बटणावर 'मार्क ॲज डन' असे लिहिलेले असते. फाईल जोडली की तेच बटण 'टर्न इन' होते. घाईत तिने पहिलेच दाबले होते.

आमच्या तोंडून निघाले, "आधी का नाही पाठवलंस?" तिची अम्मी शांतपणे म्हणाली, "सकाळपासून तीनदा फोन मागितला तिने." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेवढ्यात घरातूनच सल्ला आला, "नेटवर्क गेलं होतं म्हणून सांग. सगळेच सांगतात." लेकीने आमच्याकडे पाहिले. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो, हे आम्हीच मुलांना शिकवले. आता आम्ही मान डोलावली असती तर ती शिकवण तिथेच संपली असती. आम्ही म्हणालो, "बेटा, जे झालं तेच लिही." तिने लिहिले की चुकीचे बटण दाबले गेले, वह्यांची पाने तयार आहेत, हवी तर आणून दाखवते. मॅडमनी फाईल उशिरा घेतली आणि दहापैकी दोन गुण कापले. ते दोन गुण तिच्या खात्यातून गेले, चूक मात्र अर्धी आमची होती.

त्यानंतर आम्ही घरात एक बदल केला. नमाजच्या वेळांचा तक्ता भिंतीवर असतो, त्याच्याखाली मुलांच्या जमा करण्याच्या तारखा लिहायला लागलो. सहरीची वेळ संपायच्या शेवटच्या मिनिटाला आपण चूल पेटवत नाही. मग फाईलसाठी शेवटचे मिनिट का? आता मुदतीच्या आदल्या दिवशी मगरिबनंतर एक तास फोन ज्याची फाईल आहे त्याचा. त्या तासात मॅच नाही, दुकानाचा हिशेब नाही. मुलगा असो की मुलगी, नियम एकच.

या वर्षभरात ठेचा खाऊन आणखी काही गोष्टी कळल्या, त्या सांगून ठेवतो. एकाच फोनवर अब्बांचे, भावाचे आणि लेकीचे खाते असेल तर आधी कोणते खाते उघडे आहे ते पाहावे, नाहीतर फाईल भावाच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसते. पानांचे साधे फोटो पाठवण्यापेक्षा ड्राइव्हच्या ॲपमधल्या स्कॅनने पीडीएफ करावी; पाने सरळ येतात आणि क्रमाने राहतात. उर्दू किंवा मराठी टाईप केले असेल तर तेही पीडीएफ करूनच पाठवावे, कारण आपला फाँट शिक्षकांच्या संगणकावर नसला तर अक्षरांची खिचडी होते. ड्राइव्हची लिंक द्यायची असेल तर समोरच्याला ती उघडण्याची परवानगी दिली आहे ना, ते तपासावे. गुगलची फुकट जागा 15 जीबी असते. लग्नाचे व्हिडिओ आणि जुने फोटो यांनी ती भरली की नवी फाईल चढत नाही.

पाठवलेली फाईल दुरुस्तीसाठी मागे घेतली आणि तेवढ्यात मुदत उलटली, तर पुन्हा पाठवताना तिच्यावर उशिराचा शिक्का बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाठवून झाल्यावर तीच फाईल तिथून उघडून पहिले आणि शेवटचे पान पाहावे. पत्र पेटीत टाकल्यावर आपण हात घालून पाहू शकत नव्हतो. इथे ती सोय आहे.

पण बटणे शिकणे सोपे आहे. अवघड आहे ते घरातल्या मोठ्यांनी फोन हातातून सोडणे. फोन आपल्या पैशांचा असेल, पण मुलांचे शिक्षण ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे. लेक तीनदा मागते आणि आपण तीनदा 'नंतर' म्हणतो, तेव्हा त्या अमानतीत खोट येते.

आज रात्री दस्तरख्वानावर बसल्यावर एवढेच विचारा, "या आठवड्यात कोणाची फाईल जमा करायची आहे?" उत्तर मिळाले की फोन त्याच्या हातात द्या आणि चार्जरही शोधून ठेवा.