‘या वयातही!’ म्हणणे पुरे

ज्येष्ठ कलावंताचा नवा अल्बम आला की आपण ‘या वयातही!’ म्हणून कौतुक करतो आणि ऐकायला जुनेच लावतो. असा मान म्हणजे त्याला जिवंतपणीच निवृत्त करणे होय.

जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन 81 वर्षांचे असताना, जून 2023 मध्ये, त्यांच्या ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ आला. समूहाचा आधीचा स्टुडिओ अल्बम 1977 चा. त्यामुळे माझगावात मी अक्षरशः दिवस मोजत होतो. शिवाय यात माहीमचे झाकीरभाई होते, शंकर महादेवन गाणार होते. वाट पाहण्यातही रियाज असतो. कान तयार होतात.

पहिलीच रचना 2014 मध्ये गेलेल्या मँडोलीनवादक यू. श्रीनिवास यांच्या नावाची. तरी तीत रडगाणे नाही. गिटार धावते, व्हायोलिन तिला अडवते, तबला दोघांना खेळवतो. म्हातारपणाची सवलत कुणीच मागत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले आणि मग सगळ्यांनी तो शोधून ऐकला. मित्रहो, श्रद्धांजलीसाठी कशाला थांबायचे? नवे आले की त्याच आठवड्यात ऐका. आवडले नाही तर तसेही सांगा; कलावंताला तेही हवे असते.